सकाळी अकराचा पाऊस

शालिग्राम खडतकर एकतीस वर्षं सरकारच्या बाटल्या भरत होते. रायपुरात, जिथे दारूही सरकारच विकतं, असं वाक्य बोललं की ऐकणारा डोळा मिचकावतो, म्हणून लगेच सांगतो, बाटल्या पाण्याच्या. राज्याचं एक खातं आहे, नदी-नाल्यांत कोण काय सोडतं यावर लक्ष ठेवणारं. खात्याचं नाव इथे घेत नाही. ते खात्याला आवडणार नाही, आणि गोष्टीचं त्यावाचून काही अडतही नाही. त्या खात्यात खडतकर नमुना सहायक होते. कारखान्याच्या गटारातून, नाल्याच्या तोंडातून पाणी घ्यायचं, बाटलीला चिठ्ठी लावायची, लाखेने सील करायचं आणि प्रयोगशाळेत पोचवायचं, एवढं त्यांचं काम.

पण एवढंसं काम ते असं करत की बघणाऱ्याने हात जोडावेत. बाटली त्याच पाण्याने तीन वेळा विसळायची, चौथ्यांदा भरायची. तेल तपासायची काचेची बाटली मात्र अजिबात विसळायची नाही, कारण तेल काचेला चिकटून बसतं आणि आकडा उगाच फुगतो. चिठ्ठीवर वेळ मिनिटासकट. काटोलहून रेल्वेच्या नोकरीत इथे आलेल्या वडिलांनी त्यांना दोनच गोष्टी दिल्या होत्या, मोत्यासारखं अक्षर आणि साहेबाला उलट न बोलण्याची सवय. दोन्ही खडतकरांनी जिवापाड जपल्या.

आता यातली मजा सांगतो. उरल्याला, शहराच्या कारखान्यांच्या वसाहतीत, एक रोलिंग मिल होती, लोखंडी सळया काढणारी. तिच्या मागच्या भिंतीतून सिमेंटचा एक पाइप बेलही नावाच्या नाल्यात उतरत होता. हा पाइप फक्त पावसाच्या पाण्यासाठी, असं कागदावर ठरलेलं. पण मिलच्या उघड्या आवारात भंगाराचे ढीग, कोळशाची भुकटी आणि यंत्रांतून गळलेलं तेल. पाऊस आला की हे सगळं धुऊन नाल्यात जाणार. म्हणून मिलने शेड घालावी, टाकी बांधावी आणि पाणी निवळूनच सोडावं, या अटींवर तिला परवाना दिलेला. अटी पाळल्या जातात का, हे बघायला दर पावसाळ्यात दोन नमुने. तेही निदान तीन कोरड्या दिवसांनंतर आलेल्या पावसाच्या पहिल्या अर्ध्या तासातले, कारण पहिलं पाणीच सगळी घाण घेऊन निघतं. हा नियम करणारा माणूस हुशार होता.

त्याच्यानंतर आलेला साहेब शिस्तीचा निघाला. त्याने फायलीत लिहिलं की कारखान्याला सात दिवस आधी पत्राने तारीख आणि वेळ कळवावी. त्याच्यानंतरचा साहेब आणखी शिस्तीचा. पाऊस काही खात्याला बांधील नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने खाली एक ओळ जोडली की नेमल्या वेळी पाऊस न झाल्यास योग्य ती व्यवस्था करून नमुना घ्यावा. योग्य ती व्यवस्था म्हणजे टँकर.

तर अकरा वर्षं त्या मिलमध्ये पाऊस सकाळी अकराला पडायचा. आदल्या दिवशी नाली खरवडून धुतली जायची. दहाला बोअरच्या पाण्याचा टँकर आवारात उभा राहायचा आणि अकराच्या ठोक्याला त्याचा कॉक उघडायचा. पाइपाखाली मिलने खडतकरांसाठी पायरी बांधून दिली होती, पिवळ्या रंगाने रंगवलेली. तिच्यावर उभं राहून ते तीन वेळा विसळत, चौथ्यांदा भरत. मिलचा एक माणूस त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभा असे, उन्हाची. चिठ्ठीवर 'वर्षाजल' हा शब्द छापलेलाच होता, त्यामुळे खोटं लिहिण्याचं पाप खडतकरांच्या माथी कधी आलं नाही.

हा सगळा सोहळा मिलच्या वतीने हिरालालजी बघायचे. गोंदियाचे, गोड बोलणारे, नमुना झाला की गरम कचोरी पुढे करणारे. "खडतकरजी, तुमच्यासारखा काटेकोर माणूस नाई पाह्यला बावा," असं ते दर खेपेला म्हणायचे, आणि खडतकरांना ते खरं वाटायचं. खोटं तरी काय होतं त्यात? माणूस काटेकोरच होता. नाल्याचं तेवढं राहून जात होतं.

आता हा बेलही नाला मिलमागून निघून वळसे घेत घेत येतो तो गुढियारीपलीकडच्या एका पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, नेमका खडतकरांच्या परसाच्या मागे. तिथे त्यांची बायको पद्मिनीबाई राहते. खडतकरही राहतात, पण त्यांचा नाला रजिस्टरात होता, बाईंचा परसामागे. बाईंनी काठाला लाल भाजी आणि चेच भाजीचे वाफे केले होते. एका पावसाळ्यात वाफे काठाकडून करपत आले. दुसऱ्या वर्षी बाईंनी नाल्याचं पाणी घालणं सोडलं, तिसऱ्या वर्षी वाफेच सोडले.

"अजी, पाण्यावर रंग दिसून राहिले," त्या एकदा म्हणाल्या. "जांभळा, हिरवा, पिवळा. मोराच्या पिसावानी."

"पाणी काळं नाई, रंगीत नाई. मी सोता सैंपल घेतलं. तेल हदीच्या आत आहे."

"मंग मले काहून दिसते?"

खडतकर हा शास्त्राला मानणारा माणूस. बायकोला रंग दिसतात आणि रिपोर्टात रंग नाहीत, म्हणजे दोष कुठेतरी असणारच. त्यांनी सुट्टी टाकली आणि बाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने बॅटरी मारून बघितलं, काही सापडलं नाही, पण रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून थेंब लिहून दिले. पद्मिनीबाई ते थेंब रोज घालू लागल्या. पावसाळ्यात त्यांना रंग दिसतच राहिले, पण त्यांनी ते सांगणं बंद केलं.

नोकरीच्या शेवटच्या सप्टेंबरात मिलच्या परवान्याचं नूतनीकरण आलं आणि त्यासाठी बाविसावा नमुना ठरला. एकोणीस तारीख, सकाळी अकरा. खडतकर तीस तारखेला निवृत्त होणार होते. कार्यालयात निरोप समारंभाची तयारी सुरू होती. शाल आणून झाली होती, साहेबांच्या भाषणात 'निष्कलंक' हा शब्द दोनदा आहे, असं टायपिस्टने फोडलं होतं. याच वेळी प्रयोगशाळेत अपर्णा नावाची नवी कनिष्ठ शास्त्रज्ञ आली होती, इथल्याच मराठी घरातली. बाविसाव्या नमुन्याला ती शिकायला म्हणून बरोबर गेली.

लख्ख ऊन होतं. अकराला टँकर सुटला. अपर्णा पायरीजवळ उभी राहून कधी आभाळाकडे, कधी पाइपाकडे बघत होती. खडतकरांनी बाटली विसळली, भरली, सील केली. कचोरी आली. परतताना स्कूटरवर मागून ती म्हणाली, "काका, हा पाऊस कुठून आला?"

"व्यवस्था असते," खडतकर म्हणाले.

"एक विचारू? एकतीस वर्षांत तुमचा एक तरी नमुना फेल झाला का?"

खडतकर आठवू लागले. दोन सिग्नल गेले तरी आठवत होते. कार्यालयात पोचल्यावर त्यांनी कपाट उघडून रजिस्टरं काढली आणि संध्याकाळपर्यंत चाळली. सगळीकडे स्वतःचं सुंदर अक्षर, आणि सगळीकडे एकच शेरा, हद्दीच्या आत. रायपूरच्या सगळ्या नाल्यांत मिळून कोणी कधी चमचाभर तेल सांडलं नव्हतं. एवढं स्वच्छ शहर बघून त्यांना पहिल्यांदा लाज वाटली. 

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटाच्या तळातून एक छापील कागद शोधून काढला. त्या पहिल्या हुशार माणसाचा जुना नियम त्यावर होता: नमुना घेणाऱ्याने सूचना जागेवरच द्यावी, मालकाच्या माणसाने सही नाकारली तर तसं लिहून एकट्याच्या सहीने सील करावं. सात दिवसांचं पत्र ही नंतरची शिस्त. जुना नियम कोणी रद्द केला नव्हता, नुसता विसरला होता. नमुना घेण्याचा आदेश मात्र एका शास्त्रज्ञाच्या सहीचा लागायचा. अपर्णाने सही केली. नोकरीत कायम व्हायची होती पोरगी, तरी केली.

मग सुरू झालं पावसाची वाट बघणं. अकरा वर्षं पाऊस त्यांची वाट बघत उभा असायचा, टँकरमध्ये. आता हे त्याची बघत होते. दुपारचं काम उरकून बाटल्यांची पिशवी घेऊन ते उरल्याला मिलसमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसत आणि आभाळाकडे बघत, एखाद्या उपवर मुलीच्या बापाने रस्त्याकडे बघावं तसे. वीस तारीख कोरडी गेली. एकवीस, बावीस, तेवीस, सगळ्या कोरड्या. टपरीवाल्याला वाटलं, साहेब घरातून भांडून येतात.

चोवीस तारखेला दुपारी पावणेचारला तो आला, आणि असा आला की ट्रकवाले काचा चढवायला धावले. खडतकरांनी गेटवर सूचनेचा कागद दिला. चौकीदाराने फोन फिरवला. हिरालालजी छत्री घेऊन धावत आले, पायात एकच मोजा.

"खडतकरजी! आज तर पाऊस आहे!"

"म्हणून तर आलो."

"अहो, पावसात कोणी सैंपल घेते का? पत्र नाई, टँकर नाई... उभे कुठी राहाल तुम्ही, पायरीवर पाणी चढलं." हिरालालजींचा आवाज मऊ झाला. "सहा दिवस राहिले न् तुमचे. कायले हात दाखवून अवलक्षण? चला, आत बसू. कचोरी मागवतो."

"सही करता?"

"मी? छे, मी तर सुट्टीवर आहे समजा."

खडतकरांनी कागदावर नेटक्या अक्षरात लिहिलं, 'प्रतिनिधीने सही नाकारली, ३.५८.' मग भिंतीला वळसा घालून पिवळ्या पायरीकडे गेले. पायरी खरंच बुडली होती. पाइपातून जे पडत होतं त्याला पाणी म्हणायला जीभ वळली नसती. काळं, जाड, आणि वर रंग. जांभळा, हिरवा, पिवळा. खडतकर चिखलात घोटाभर रुतून ते रंग बघत राहिले. अर्धा तास निघून जाईल हे ध्यानात आलं तेव्हा त्यांनी बाटल्या भरल्या. त्या घाईतही तेलाची काचेची बाटली विसळली नाही.

अपर्णाने तपासलं. तेलाची हद्द लिटरमागे दहा मिलिग्रॅम, निघालं चौऱ्याहत्तर. तिने तीनदा तपासलं, तिन्ही वेळा तेवढंच.

एकोणतीसला साहेबांपुढे नूतनीकरणाची सुनावणी झाली. साहेब बिलासपूरकडचे, सज्जन, कुणाला दुखवायचं नाही हे त्यांचं धोरण. हिरालालजी दोन्ही मोजे घालून आले होते. त्यांनी काही वाद घातला नाही. फक्त एक फाइल उघडली आणि बावीस रिपोर्ट टेबलावर मांडले, पत्त्यांचा डाव मांडावा तसे. प्रत्येकावर खडतकरांची सही.

"साहेब, ये खडतकरजी के बाईस सैंपल हैं. सब पास," ते नम्रपणे म्हणाले. "और ये एक, ये भी खडतकरजी का. अब आप ही बताइए, किस खडतकर की मानें?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. एकतीस वर्षं ज्या अक्षराचं कौतुक झालं, ते बावीस तोंडांनी त्यांना खोटं पाडत होतं. ही निष्कलंक नोकरी आपण कुणासाठी सांभाळली, हे त्यांना त्या टेबलाशी कळलं.

साहेबांनी चष्मा पुसला. "खडतकरजी, उमर हो गई है. बारिश थी, बोतल में कुछ लगा होगा. मानवीय त्रुटि लिख दें? परसों..." मग सुधारून म्हणाले, "कल तो आपका फेयरवेल है."

ही वाट सोपी होती. झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली असती. एक बाटली चुकली असं म्हटलं की मिलला परवाना, खडतकरांना शाल, आणि नाल्याला नेहमीचं. दुसरी वाट अशी होती की बाटली खरी म्हणायची, आणि मग बावीस रिपोर्टांचं काय ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. भिंतीशी उभी असलेली अपर्णा त्यांच्याकडे बघत होती.

"साहेब, तेईस के तेईस सही हैं," खडतकर म्हणाले.

साहेबांचा चेहरा उजळला. हिरालालजींचाही.

"बाईस टँकर के पानी के हैं. तेईसवाँ नाले का है."

 मग साहेब अगदी हळू म्हणाले, "आपको मालूम था?"

इथे खडतकरांना नियमाची ती ओळ दाखवता आली असती. 'योग्य ती व्यवस्था' हे शब्द त्यांचे नव्हते, टँकर त्यांचा नव्हता. पण त्यांना घोटाभर चिखल आठवला, आणि त्यावरचे रंग.

"हव," ते म्हणाले. "मालूम था." आणि कुणी मागायच्या आत कागद ओढून ते लिहून दिलं. तारीख, वेळ, सही. अक्षर एकदम मोत्यासारखं.

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. मिलचा परवाना अडला. शेड आणि टाकी बांधायला तिला नव्वद दिवस मिळाले. खडतकरांवर चौकशी बसली, कारण बावीस नमुने टँकरचे होते याचा खात्याकडे आता लेखी पुरावा होता, आणि तो त्यांनीच दिलेला. टँकर मागवणाऱ्या ओळीवर चौकशी बसली नाही. ओळ निवृत्त होत नसते. खात्याने परिपत्रक काढलं की यापुढे पावसाचा नमुना पावसातच घ्यावा, मात्र सात दिवसांची आगाऊ सूचना चालूच राहील. निरोप समारंभ पुढे ढकलला. शाल कपाटात गेली, रजिस्टरांच्या वर.

तीस तारखेला संध्याकाळी खडतकर घरी आले ते रिकाम्या हाताने. पद्मिनीबाईंनी दारात रांगोळी घातली होती, ओवाळायला ताट तयार होतं, देवापुढे नारळ.

"अजी, शाल कुठी आहे?"

खडतकर बाजेवर बसले. एकतीस वर्षांत साहेबापुढे जेवढी भीती वाटली नव्हती तेवढी त्यांना या बाईची वाटत होती. त्यांनी सगळं सांगितलं. टँकर, पायरी, कचोरी, बावीस चिठ्ठ्या. चोवीस तारखेचा पाऊस. चौकशी. निवृत्तीचे कागद अडकले तेही.

  बाई उठल्या, कोनाड्यातली डोळ्यांच्या थेंबांची बाटली आणून त्यांच्यापुढे ठेवली.

"म्हणजे इतली वर्षं मी हे कायले टाकून राहिली होती?"

खडतकरांनी बाटली उचलून तिच्यावरची चिठ्ठी वाचली.

"मले वाटे, माझेच डोळे फुटले. शेजारणी म्हणत, रंग दिसते. मी म्हणे, नाई व, आमचे हे सोता पाणी तपासतात, तुमाले भास होते. चार बायांले खोटं पाडलं मी तुमच्या रजिस्टरापायी." त्यांनी मागच्या दाराकडे हात केला. "एकदा तरी मागच्या दारात येऊन पाह्यचं होतं जी. चाळीस पावलं."

खडतकर उठले. मागचं दार उघडलं आणि चालत काठापर्यंत गेले. चाळीस नव्हे, छत्तीस पावलं निघाली. त्यांनी मोजली, सवयच तशी. सकाळी सर येऊन गेली होती. पाण्यावर रंग होते. बाई मागून येऊन उभ्या राहिल्या.

"सांगा आता. माझे डोळे कसे आहेत?"

"चांगले आहेत," खडतकर म्हणाले. "पहिल्यापासून चांगले होते. माझं चुकलं."

पद्मिनीबाईंनी पदराने डोळे पुसले, आत गेल्या, आणि देवापुढचा नारळ आणून काठावरच्या दगडावर फोडला.